उघडतं कोण?

“पाणी आपणहून कुठंच जात नाही; कुणाला तरी चावी फिरवावी लागते,” असं काशीराम घाडींनी एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरीला सुनावलं होतं.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांना पाणी सोडायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. पालिकेचे चावीवाले. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातलं झाकण उघडून ती आत सोडायचे, अंग टाकून पिळायचे. जमिनीखाली काहीतरी घरघरायचं आणि वरच्या गल्ल्यांत कळशा वाजू लागायच्या. त्यांची लेक श्वेता लहानपणी समजायची, बाबा झोपले की सगळ्यांचं पाणी थांबतं.

निवृत्तीनंतर तोच डोंगर चढताना त्यांना धाप लागू लागली. हृदयाची एक झडप आकसली होती. ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. पण त्यासाठी हृदय थांबवतात हे कळल्यापासून काशीराम हटून बसले.

“बंद केलेली लाइन परत चालू होताना काय होतं, मला विचार,” ते श्वेताला म्हणत. “हवा धरते. गढूळ येतं. कधी येतच नाही.”

पहिल्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या वेळी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. या खेपेला डॉक्टर अनिरुद्धांनी पडदाच त्यांच्याकडे वळवला. काळोखात दोन पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या.

“हे माझं?”

“तुमचंच, काका. वरचा कप्पा भरला की रक्ताच्या दाबानं झडप उघडते. खालचा आवळला की मिटते. रक्त मागे फिरत नाही.”

“पण उघडतं कोण?”

“कोणी नाही. रक्तच ढकलतं.”

“मग आवळायचा हुकूम वरून येत असेल. डोक्यातून.”

“डोकं फार तर हळू की जोरात, तेवढं सांगतं. ठिणगी हृदयाची स्वतःची. त्याच्या भिंतीत चिमूटभर पेशी आहेत, त्या आपोआप पेटतात.”

काशीराम कुशीवरूनच लेकीकडे वळून म्हणाले, “बघलंस गो बाय? हंय चावीवालोच नाय!”

“म्हणून तर सुट्टी नाही, संप नाही,” श्वेता म्हणाली. ते हसले नाहीत.

डॉक्टरांनी आवाज सुरू केला. भरतीचं पाणी खडकाच्या कपारीत शिरावं आणि ओढलं जावं, तसा. श्वेताला आठवलं, आई गेली त्या दुपारी बाबा दगडासारखे बसले होते. घास नाही, शब्द नाही. तेव्हाही आत हे चालूच होतं, कुणी न सांगता.

“ही पाकळी जाड झालीय,” डॉक्टर म्हणाले. “रक्त अडतं, मागे फुफ्फुसात तुंबतं. ऑपरेशनमध्ये तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. दुरुस्ती झाली की हृदयाला परत रक्त सोडतो.”

“आणि चालू तुम्ही करता?”

“कधी हलका झटका द्यावा लागतो. पुष्कळदा तोही नाही. आम्ही नुसते बघत उभे असतो, आणि ते हलतं.”

काशीराम पडद्याकडे बघत राहिले. शेवटी उठले, छातीवरचा चिकटा पुसला, सदरा घातला.

“बाबा, मग काय करायचं?”

दाराबाहेर उजवीकडे लिफ्ट होती, डावीकडे अ‍ॅडमिशनची खिडकी. ते बाहेर पडले आणि डावीकडे वळले.