वरचा आवाज, खालचा आवाज

आप्पा इंजिनाला चावायचे. खरंच. दिघ्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिन चालू ठेवायचं, लांब पेचकसाचं टोक त्याला टेकवायचं आणि लाकडी मूठ दातात धरून डोळे मिटायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडून विचारलं, "आप्पा, भूक लागली तर वडापाव आणू काय?"

"कान गेले रे माझे," आप्पा बोलले. "दात अजून घरचे हायत. हाडातनं आवाज कळतो."

माझी गाडी जुनी. भाडी मारतो, घर तिच्यावरच चालतं. कसला आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचो. माझी रिपेरिंग तेवढीच. पण उलव्याच्या पुलावर चढताना रेडिओच्या वरनं टकटक यायला लागली. पॅसेंजर बोलला, "दादा, गाणं संपलं, तबला चालूच हाय." तसाच दिघ्याला पळालो. बायकोनं आधीच सांगितलेलं, इंजिन उघडायची वेळ आली तर गाडी सरळ भंगारात दे.

आप्पांचं नेहमीचं सांगणं असायचं. "वरचा आवाज बारीक, भरभर. तो टॅपेट. सेटिंग केलं की गप. खालचा दबका असतो, लोड आला की ठोकतो. म्हंजे आत बेअरिंग झिजलं. त्याला घाबरायचं."

त्यांनी मूठ चावली. "रेस दे," बोलले. मी घाबरून एवढी रेस दिली की आप्पा उडालेच. "आरं, दाढ काढतोस काय माझी!" मग परत चावली, बराच वेळ. मी मनात भंगाराचा भाव लावत होतो.

"टॅपेट हाय," आप्पा हसले. "गाडीबी तुझ्यासारखी. नुसती बडबड, आत कायबी झिजलेलं नाय."

सेटिंग केलं, गाडी गप झाली. माझं नाव मात्र टॅपेट पडलं. पानवालाबी तसाच हाक मारतो.

मग आप्पांचे दातबी गेले. कवळीतनं नीट कळत नाय म्हणाले. मुलगी त्यांना साताऱ्याला न्यायला आली. गॅरेज आवरताना तो पेचकस त्यांनी माझ्या हातात दिला. मूठ त्यांच्या दातांनी पार कुरतडलेली. मी लगेच गाडी चालू करून चावून बघितलं.

"काय ऐकू आलं?"

मी पोटावर हात फिरवून सांगितलं, सकाळची मिसळ. आप्पा खोकला येईपर्यंत हसले.

त्यांना एसटी स्टँडवर मीच सोडलं. रेडिओ बंद. किती काय बोलायचं ठरवलेलं, पण ते उतरले तेव्हा मी नुसती त्यांची पिशवी पुढं केली. आप्पांनी तळवा माझ्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले, इंजिनाजवळ मिटायचे तसेच.

"टॅपेट," ते बोलले, "आज आवाज खालनं येतोय रे."