आईचा नेम

शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने बाबांची छर्‍याची बंदूक आठवली. सिल्वासात टोकरखाड्याला आम्ही नवीनच राहायला आलो होतो. बाबा आईला नेम धरायला शिकवत होते, आणि सकाळपासून तिने एकही रिकामा डबा चुकवला नव्हता. मग बाबांनी कुंपणावर घुमत बसलेला होला दाखवला.

"अर्धा श्वास सोड आणि थांब. घोडा झटक्यात ओढू नकोस, हळूहळू दाब."

आईने नेम धरला. होल्याचा गळा फुगत होता. बऱ्याच वेळाने तिने बंदूक खाली केली.

"नाही जमणार हो मला."

नेम चुकेल म्हणून ती घाबरली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो चुकणार नाही हे तिला कळलं होतं. बाबांनी बंदूक घेतली आणि छर्रा मातीत झाडला.