बोराटीच्या कुंपणातलं झाड

मुंजाबाला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ धजावत नाही. त्याला मुलंबाळं होती का, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. हर्सूलच्या तुरुंगात तो म्हातारपणानं गेला, हेही मला पेपरवाल्याकडून कळलं.

मुकुंदवाडीच्या पुढं काकासाहेबांच्या पडीक रानात तो मेंढरं बसवायचा. संध्याकाळी फिरायला गेलो की मी त्याच्याजवळ टेकायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो.

त्या रानाच्या बांधावर भांगेचं एक झाड आपोआप उगवलं होतं. मुंजाबानं त्याच्याभोवती बोराटीचे काटे रचले. मेंढरांनी शेंडे खाल्ले तर ती झिंगतात, पण त्यांना हगवण लागली की त्याच झाडाचा मूठभर पाला कामी येतो, असं तो सांगायचा. त्यांच्यात रीतच होती. रानात काही कामाचं उगवलं, तर जो काटे लावील त्याचं ते. दुसरा धनगर हात लावत नाही.

काकासाहेबांच्या पत्नी भागूबाई कॅन्सरनं अंथरुणाला खिळल्या. कुठल्याच गोळीनं कळा थांबेनात. तेव्हा काकासाहेब स्वतः बांधावर आले. मी तिथंच होतो.

"मुंजाबा, तुझा तो मेंढरांचा पाला माणसाला चालतो का रे?"

"चालंल की मालक. पर मालकीणबाई बँ बँ करायला लागल्या तर माझ्या नावानं वरडू नगा."

काकासाहेब कितीतरी दिवसांनी हसले. मग मुंजाबा रोज पाला खुडून त्यांच्या दारात नेऊन द्यायचा. तुपात परतून दिला की भागूबाईंना झोप लागायची. त्या गेल्या तेव्हा काकासाहेबांनी सगळ्यांदेखत मुंजाबाचे हात धरले होते.

पुढं कुणीतरी खबर दिली आणि पोलीस आले. झाड कुणाचं, असं विचारल्यावर मुंजाबा म्हणाला, "माझं." काटे त्यानं लावले होते, दुसरं काय सांगणार? कोर्टातही त्यानं तेच सांगितलं. तिथं त्याचा अर्थ लागवड असा झाला.

त्याला फुकट मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या, "आपोआप उगवलेलं झाड म्हणजे लागवड नव्हे. आणि शेंडा सोडून नुसता पाला असेल, तर त्याला कायदा गांजा म्हणत नाही. रानाच्या मालकानं एवढं सांगितलं तर आशा आहे." माझी साक्ष झाली, पण मी झाड मोठं झाल्यावर पाहिलेलं. उगवताना पाहिलं होतं ते काकासाहेबांनी.

मुंजाबा निश्चिंत होता. "मालक हायेत की!"

काकासाहेबांचा मुलगा विश्वजीत वकील आहे. औषधी गांजा आणि बंदीचा कायदा यावर त्याच सुमारास शहरात चर्चा होती, तिथं तो बोलला. मी मागच्या खुर्चीवर होतो. एका मेंढपाळानं आणलेल्या पाल्यामुळं आपल्या आईला शेवटी झोप मिळाली, असं त्यानं सांगितलं. औषधाच्या नावाखाली पोरं बिघडतील, असं कुणी म्हणालं, तर तो म्हणाला, "मॉर्फिन डॉक्टरच्या चिठ्ठीवर देतोच ना? हेही तसंच द्या. पण त्या मेंढपाळाला गुन्हेगार ठरवू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता मुंजाबा सुटणार, असं मला वाटलं.

कोर्टात काकासाहेब म्हणाले, "असं झाड मी पाहिलेलंच नाही. पाल्याचं मला काही माहीत नाही. रानात कोण मेंढरं बसवतं, तिकडं माझं लक्ष नसतं."

मुंजाबा जागेवरून हळूच म्हणाला, "मालक, म्या हाय. मुंजाबा."

त्यांनी आपल्याला ओळखलं नाही, असंच त्याला वाटलं असावं. काकासाहेबांनी मान वळवली नाही.

बाहेर मी विश्वजीतला गाठलं. एरवी माझ्याच्यानं झालं नसतं.

"तात्या, झाड माहीत होतं म्हटलं की जागा वापरू दिली म्हणून आमचे आबाच आरोपी होतात. कायदाच तसा आहे."

"आणि तुझं भाषण?"

"ते कायदा बदलावा म्हणून होतं."

यातलं काहीच खोटं नव्हतं.

शिक्षा झाली त्या दिवशी मी पोलिसांच्या गाडीपर्यंत गेलो. मुंजाबाची मेंढरं केव्हाच एका पाव्हण्यानं सिल्लोडकडं नेली होती. गाडीशी तो माझ्याकडं वळला.

"तात्या, झाड तर त्यांनी उपटून नेलं. काटं तसंच हायेत. तेवढं काढून टाका, कुणाचं तरी कोकरू अडकंल."

"काढतो. जेवलास का?"

"व्हय, खाल्लं."