गुरुवारी सर गच्चीत होते

गोष्ट कानात सांगण्यासारखी होती, म्हणून ती आठवड्याभरात सगळ्यांना कळली. जगाच्या अंताची तारीख सांगणाऱ्यांची एकोणीस वर्षं टर उडवणारे आमचे सर, ऐन त्या तारखेला, ठेवणीतला कोट घालून, मांडीवर बॅग घेऊन, गच्चीत आभाळाकडे तोंड करून बसले होते म्हणे! मी स्वतः ही बातमी चार घरी पोचवली. खोटं कशाला बोलू, पाचव्या घरी एका बॅगेच्या दोन बॅगा झाल्या.

सर आमच्या समोरच्या दाराचे. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ग्रीक शिकवायचे. बायबलमधलं अगदी शेवटचं पुस्तक, ते श्वापदांचं, शिक्क्यांचं आणि कर्ण्यांचं, हा त्यांचा जन्माचा विषय. पोरं पाठीमागे त्यांना 'सात शिक्के' म्हणत. घरात बुटांच्या खोक्यांमध्ये टिपणांची कार्डं भरलेली. बूट दाराबाहेर, कारण आत त्यांना जागाच नाही. बायको इस्पितळात परिचारिका. ती म्हणायची, "यांच्या श्वापदाला सात डोकी, आणि यांचं एक आहे तेही ठिकाणावर नाही." घरातलं तिसरं माणूस सासूबाई, म्हणजे बायकोची आई. कानाने मंद, जिभेने तेज.

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत सर मोठ्या माणसांचा वर्ग घेत. सातजण यायचे. त्यातला एक मी, आणि मी चहासाठी. पण सरांचा सगळा जीव त्या वर्गात. विद्यालयात मुलं परीक्षेपुरतं ऐकत, इथे माणसं उलटे प्रश्न विचारत. सर सांगायचे, हे पुस्तक म्हणजे मुळात पत्र आहे. सात लहान मंडळ्यांना, सम्राटाच्या धाकाखाली दिवस काढणाऱ्या माणसांना लिहिलेलं, त्यांनी धीर सोडू नये म्हणून. त्यातले आकडे फूटपट्टी लावून मोजायचे नसतात. श्वापदाचा आकडासुद्धा सगळीकडे सहाशे सहासष्ट नाही. काही जुन्या हस्तलिखितांत तो सहाशे सोळा आहे.

"म्हणजे पन्नासाची सूट?" मी विचारलं.

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग मोजणीदार उगवले. जमिनी मोजण्यात जन्म घालवून निवृत्त झालेला गृहस्थ. रिकामं बसवेना, तेव्हा जगाचीच मोजणी काढली. भिंतभर नकाशा केला. डावीकडे उत्पत्ती, उजवीकडे अंत, मध्ये रंगीत श्वापदं. पुस्तकातले बाराशे साठ दिवस त्यांनी एका सूर्यग्रहणापासून मोजले आणि बोट नेमकं एका गुरुवारी टेकवलं. सकाळी अकरा वाजता!

"कुणाच्या घड्याळात?" सरांनी विचारलं.

पण लोकांना विनोद नको होता, वेळ हवी होती. मोजणीदारांच्या सभेला साठ माणसं जमू लागली. सासूबाईही "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून निघत आणि पहिल्या रांगेत बसून येत. लेकीच्या ते लक्षात आलं होतं. "आई," ती म्हणाली, "अंत आला तर जाताना गॅस तेवढा बंद कर हं."

चर्चच्या समितीच्या अध्यक्षबाई व्यवहारी. त्यांनी जाहीर केलं, "खोली एक, बुधवार एक. वर्ग सरांचा की मोजणीदारांचा, ते गुरुवारनंतर ठरवू. जग राहिलं तर सर."

आता बघा, याहून सोपी लढाई कुणाच्या वाट्याला आली असेल? सरांनी नुसतं घरात स्वस्थ बसायचं होतं. जग आपोआप राहणार होतं.

तर त्या गुरुवारी पावणेअकराला अध्यक्षबाईंची नणंद समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली, आणि तिने जे पाहिलं ते मी वर सांगितलंच आहे. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. चादरी वाळल्या.

पुढच्या बुधवारी समिती बसली. मोजणीदार शांत होते. "मोजणीची साखळी टाकताना एक कडी चुकली," ते म्हणाले. "फेरमोजणी चालू आहे." लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मग सगळे सरांकडे वळले.

"सर, गुरुवारी तुम्ही गच्चीत होतात?"

"होतो."

"कोट घालून?"

"हो."

"बॅग घेऊन?"

"हो."

"कशासाठी, ते सांगाल?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कपडे वाळलेत का, ते बघायला."

"कोट घालून?" मागून कुणीतरी म्हणालं. "पाहुणे म्हणून गेले असतील कपड्यांकडे!" हसण्यात मीही होतो.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "मोजणीदार चुकले," त्या म्हणाल्या, "पण जे बोलले ते मनापासून मानून चुकले. तुम्ही आम्हाला खोलीत एक सांगता आणि गच्चीत भलतंच करता." वर्ग मोजणीदारांना गेला. अंताची तारीख चुकवणाऱ्याला अंत शिकवायला ठेवला आणि न चुकलेल्याला काढला.

वर्गात ठेवलेली सरांची टिपणांची खोकी घरी न्यायला मी हात लावला. जिन्यात राहवलं नाही. "सर, खरंच घाबरला होतात?"

"माणसं घाबरतात हो," ते म्हणाले आणि खोकं दुसऱ्या काखेत घेतलं.

बायकोनेही दारातच धरलं. "गच्चीत कशाला तडमडायला गेला होतात?"

"हवा खायला."

"कोटात?"

सासूबाईंनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. त्यानंतर कित्येक बुधवारी संध्याकाळी सर टेबलाशी पेन्सिलींना टोक करत बसलेले मला दिसायचे. टोक झालेल्या पेन्सिलींनाही.

यंदा, लेक ड्यूटीवर आणि सर विद्यालयात असताना, सासूबाईंनी मला चहाला बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. बॅग त्यांची होती. मोजणीदारांच्या तारखेने त्या घाबरल्या होत्या आणि त्यांना गच्चीत एकटं बसवत नव्हतं. लेक हसेल म्हणून कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी जावयाकडून वचन घेतलं होतं. देवाला सामोरं जायचं म्हणून कोटही त्यांनीच घालायला लावला होता. त्या पाण्याच्या टाकीआड सावलीत बसल्या होत्या, म्हणून समोरून दिसल्या नाहीत. सर त्यांच्या सोबतीला बसले होते.