उजेड आला वेशीत

कवडूबद्दल भैयाजीला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. अल्लीपुरात दोघांची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त तानाबाईचं अंगण. पण भैयाजीचं लहानपण पुलगावात गेलं होतं. बाप तिथं गिरणीत होता. गावात राहायला आला तेव्हा त्याला मिशी फुटली होती. कवडूला भाकरीसोबत कांदा आवडतो की मिरची, एवढंही त्याला सांगता आलं नसतं. एक गोष्ट मात्र आपल्याला पक्की ठाऊक आहे असं त्याला वाटायचं. ते म्हणजे कवडूचं गाणं.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन मंडळी नागपूरहून परतली, त्यानंतरच्या पहिल्याच सभेत कवडूनं ते म्हटलं होतं. 'उजेड आला वेशीत, उठा घरचे हो.' 'वेशीत'वर आवाज खाली उतरायचा, जरा थांबायचा, आणि 'उठा' एकदम वर उसळायचं. बाया तर दुसऱ्याच ओळीला साथ देऊ लागल्या. कोणी शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. भैयाजीच्या अंगावर काटा आला. गाणं असावं तर असं, ऐकता ऐकता पाठ होणारं, असं तो पुढं भेटेल त्याला सांगत राहिला. शेतात डवरं हाकताना, बैल धुताना तेच त्याच्या तोंडी असे.

पुढं दीड वर्षानं, चैत्रात, तो आर्वीकडे बहिणीला भेटायला गेला. मोटारीतून उतरून गावाकडं चालला होता, तर समोरून बाया आल्या. डोक्यावर आंबिलीची गाडगी, त्यावर कडुलिंबाचा पाला, पुढं डफडं. माताईच्या, म्हणजे देवीच्या, ठाण्याकडं निघाल्या होत्या. भैयाजी वाट सोडून बाजूला झाला आणि कानावर आलं, 'माय आली वेशीत, उठा घरचे हो.' तीच चाल. 'वेशीत'वर तसंच थांबणं. एका शब्दाचा काय तो फरक.

भैयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दीड वर्ष आपण शेतात, गोठ्यात काय म्हणत होतो?

परतताना त्याला एक जुनी गोष्ट आठवली. दीक्षेनंतर नदीत टाकायचे म्हणून घरोघरचे देव गोळा करायला टोपलं घेऊन तोच फिरला होता. कवडूची माय धुरपताबाई दारात आडवी उभी राहिली होती. "आमचे आमी टाकले नदीत," म्हणाली. भैयाजीनं विश्वास ठेवला आणि पुढच्या घरी गेला. आता धुरपताबाईही राहिली नव्हती. ते देव नदीत पडताना पाहिले कोणी?

वैशाखी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशीच्या बुद्धजयंतीच्या सभेला हिंगणघाटकडची मंडळी येणार होती आणि कवडूचं गाणं पहिलं ठेवलं होतं, तेही भैयाजीनंच. घरात माताई लपवलेला माणूस तिथं उभा राहिला आणि उद्या कोणी बोट दाखवलं, तर साऱ्या वस्तीची मान खाली जाणार. गाणं ठेवायचं की काढायचं, हे त्याचं त्यालाच ठरवायचं होतं.

तो कवडूवर नजर ठेवू लागला. एका मंगळवारी कवडू कामाला गेला नाही, तेव्हा माताईचा वार पाळतो म्हणून खूणगाठ बांधली. पुढच्या मंगळवारी गेला, तेव्हा वाटलं, मुद्दामच गेला असेल. शेवटी दोर मागायच्या निमित्तानं तो सरळ त्याच्या घरात शिरला. ज्वारीच्या कोठीमागं, खुंटीला, लाल फडक्याचं गाठोडं टांगलेलं होतं.

"हे काय व्हय रे?"

कवडूनं आधी गाठोड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "दोर न्यायले आले का झडती घ्यायले?"

"सोडून दाखव."

कवडूनं गाठ सोडली. आत झिजलेलं खुरपं होतं आणि लुगड्याचा एक तुकडा.

"मायचं हाये. पूजा करून राह्यलो असतो तं असा जंग चढला असता का त्याले?"

भैयाजी ओशाळला, पण हटला नाही. "आर्वीकडं बाया तुयं गानं म्हनत होत्या. माताईपुढं."

"म्हनत असतीन."

"म्हंजे तुले ठाऊक होतं?"

"साऱ्यायले ठाऊक हाये. तुमालेच नाई. तुमी पुलगाववाले."

"मंग माताईची चाल काऊन घेतली?"

"तिची कुठची? माय वावरात निंदाले जाये तवा म्हने, 'दिस आला बांधावर, उठा घरचे हो.' बायायनं ते माताईपुढं नेलं. मी वापस आनलं."

हे त्यानं इतक्या चटकन सांगितलं, की भैयाजीला पुन्हा शंका आली. आत्ताच रचलं असेल तर? आणि विचारायचं कोणाला? धुरपताबाई तर गेली.

दोर घेऊन घरी आल्यावर त्यानं बायकोला, जिजाबाईला, विचारलं. ती चुलीपुढून वळलीसुद्धा नाही.

"निंदनाचं मले नाई ठाऊक. मले माताईचंच येते."

"मंग पह्यल्याच दिवशी बोलली काऊन नाई?"

"तुमी डोये पुसून राह्यले होते. काय बोलू?"

भैयाजीनं गाणं काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि शिवाय, त्याला ते ऐकायचं होतं. पौर्णिमेला तो मुद्दाम अगदी पुढं बसला. कवडूचे हात जोडले जातात का, डोळे मिटतात का, सारं पाहत होता. हात मांडीवर होते. डोळे उघडे होते. पाहुण्या बायांनीसुद्धा दुसऱ्याच ओळीला साथ धरली. त्यांच्या मनात माताई होती, शेताचा बांध होता की उजेड, ते चेहऱ्यांवरून काही कळेना. मग भैयाजीच्या ध्यानात आलं की आपलेही ओठ हलत आहेत.

जेठात कवडू चांद्याकडं कोळशाच्या खाणीत कामाला गेला आणि तापाचं निमित्त होऊन तिकडंच वारला. तो गावातून निघाला त्या दिवशी सकाळी भैयाजी गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होता. तोंडात गाणं होतं. दारात सावली पडली तसा तो गप्प झाला.

"दोर द्या माहा. वळकटी बांधाची हाये," कवडू म्हणाला. मग हसला. "म्हना ना. थांबले काऊन?"

"खोकला आला."

"गरम पानी घेजा. येतो मंग."

"येजो," भैयाजी म्हणाला आणि खुंटीवरचा दोर काढून त्याच्या हातात दिला.