मधलं वर्तुळ

आमचा फुटबॉल क्लब शहाडचा. मैदान मातीचं, पावसाळा सरला की मुरूम वर येतो आणि पडेल त्याचे गुडघे सोलतो. मी खेळायचो तेव्हापासून सामन्याच्या सकाळी पांढरी फक्की मारून रेषा आखायचं काम माझ्याकडे आहे. खुंटी ठोकायची, सुतळी ताणायची, आणि भोकं पाडलेला डबा हलवत मागे मागे सरकायचं. मधलं वर्तुळ सगळ्यात शेवटी. ते आखून झाल्याशिवाय आमचा एकही खेळाडू मैदानात पाय टाकत नाही. हा शकुन कुणी सुरू केला ते आता आठवत नाही; बहुधा मीच.

गावातल्या लीगमध्ये आम्ही वर्षानुवर्षं मधेच कुठेतरी लोंबकळत असायचो. मग माझा पुतण्या कप्तान झाला आणि पोरं खरंच खेळायला लागली. आधी जिल्ह्याच्या लीगमध्ये गेलो. तिथेही आमची माती चालली. तिथून मुंबईच्या लीगच्या खालच्या गटात. स्टेशनबाहेर आमचा फ्लेक्स लागला. त्यात मीही होतो, कोपऱ्यात, डोळे मिटलेला.

मुंबईच्या लीगला मात्र माती चालेना, म्हणून कोलशेतचं टर्फ भाड्याने घेतलं. हिरवंगार प्लास्टिकचं गवत, रेषा कायमच्या रंगवलेल्या. आता माझं काम काय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या सामन्याला डबा घेऊन सगळ्यांच्या आधी पोचलो आणि मधल्या वर्तुळावर, निदान शकुनापुरती, फक्की मारली. चांगली जाड मारली.

टर्फचा मॅनेजर धावत आला. "ओ काका, काय केलंत हे? माती आहे का ही?"

फक्की गवताच्या मुळाशी गेलेली. झाडू मारला की आणखी पसरत होती. पंच खोळंबले. समोरच्या संघातली पोरं मोबाइल काढून शूटिंग करत होती. सगळ्यांसमोर वाकून झाडताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पुतण्या दुसरा झाडू घेऊन आला आणि माझ्या शेजारी झाडायला लागला. "असू दे काका, होतं असं," एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर हंगामभर मी पाहुण्यासारखा जायचो, खुर्चीत बसायचो, टाळ्या वाजवायचो. पाणी द्यायलासुद्धा वेगळा माणूस ठेवलेला.

शेवटच्या सामन्यात गटात टिकायला बरोबरी पुरे होती. आम्ही एका गोलने मागे होतो आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. पुतण्याने घेतली. चेंडू बारवरून गेला. आम्ही घसरलो, परत जिल्ह्याची लीग, परत शहाडची माती.

तो तिथेच खाली बसून राहिला. मी आत गेलो, त्याला जवळ घेतलं. इतका मोठा झाल्यावर त्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"काका, मी घालवलं रे सगळं."

"असू दे, होतं असं," मी म्हणालो.

तोंडाने तेवढंच. आतून मला आनंद झाला होता, आणि त्या झाडूपेक्षा मला त्या आनंदाची लाज जास्त वाटते. पोराचे खांदे हलत होते, आणि त्याची पाठ थोपटता थोपटता मी आठवत होतो, घरी पोत्यात फक्की किती उरली आहे.