मालक हयात नाहीत

आमच्या रावपुऱ्यातल्या घरात सगळं काही आजोबांच्या नावावर होतं. विजेचं मीटर, टेलिफोन, गॅसचा नंबर. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बिलं त्यांच्याच नावाने यायची आणि बाबा ती आदराने भरायचे. थोरल्यांचं नाव काढून तिथे आपलं घालणं बाबांना उद्धटपणाचं वाटे. बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत हेच चाले. संस्थान गेलं, बाजार खुला झाला, पण मीटरवरचे आजोबा जागचे हलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाबांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. पुस्तक छापण्यापेक्षा वेबसाइट करा, असं अमेरिकेतल्या माझ्या भावाने फोनवरून सुचवलं. सुचवण्याचं खातं त्याच्याकडे, करण्याचं माझ्याकडे, कारण मी लग्न होऊन बडोद्यातल्याच फतेगंजपर्यंत पोचले होते. तिथल्याच एका दुकानदाराकडून आम्ही आमच्या आडनावाचा इंटरनेटवरचा पत्ता घेतला. मालकाचं नाव विचारल्यावर बाबांनी अजिबात न अडखळता आजोबांचं सांगितलं. आजोबांच्या नावाने एक ईमेलही उघडला. तो कोणी कधी बघितला नाही, म्हणून पुढे बंद पडला.

साइट मात्र चांगली चालली. सांगलीहून, इंदूरहून, कुठल्या कुठल्या देशांतून अनोळखी भाऊबंद बाबांना लिहू लागले. आई गेल्यापासून दिवसभर खिडकीशी बसणारा माणूस सकाळी दाढी करून संगणकासमोर बसायला लागला. मला त्याचा फार आनंद होता.

मग एका सकाळी साइट उघडेना. पत्त्याची मुदत संपली होती. मुदतीची आठवण करून देणारी पत्रं अर्थातच आजोबांना गेली होती. मी दुकानदाराकडे गेले, तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. "बेन, आपणे तो ए धंधो बंध करी दीधो," तो म्हणाला. "ओनरने कहो, कंपनीने सीधो मेल करे." म्हणजे ज्या परदेशी कंपनीकडून त्याने पत्ता घेऊन दिला होता, तिला आता मालकानेच थेट लिहायचं. नूतनीकरण करून पत्ता लवकर दुसऱ्या कंपनीकडे हलवला नाही, तर तो पुन्हा विक्रीला निघणार आणि कोणीही उचलणार, हेही त्याने सांगितलं. बाबांची अन्नावरची वासनाच उडाली. "आपल्या आडनावाखाली कोणी जुगार चालवला तर?" असं ते सारखं विचारत.

मी परदेशातल्या त्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, मालकाने संमती द्यावी. मी कळवलं, मालक हयात नाहीत. त्यांनी दुःख व्यक्त करून मृत्यूचा दाखला मागितला, तो आम्ही पाठवला. त्यावर एक अतिशय सभ्य प्रश्न आला: दाखल्यानुसार मालक खरेदीच्या कितीतरी आधीच वारले आहेत, तर ही खरेदी त्यांनी कशी केली?

बाबा भडकले. "टेलिफोन खात्याने इतक्या वर्षांत कधी असला आगाऊपणा केला नाही!"

शेवटी त्यांना नोटरीसमोर लिहून द्यावं लागलं की वडील तेव्हा हयात नव्हते, खरेदी मीच केली. सही करण्याआधी त्यांनी 'हयात नव्हते' हे शब्द दोनदा वाचले. तोवर मला या सगळ्याचं हसू येत होतं, ते तिथे थांबलं.

कंपनीने नूतनीकरण केलं आणि ती पत्ता सोडायला तयार झाली. नव्या कंपनीच्या अर्जात पुन्हा तोच रकाना होता.

"मालक कोण, बाबा?" मी विचारलं. मला वाटलं, आता तरी स्वतःचं नाव सांगतील. खरं सांगायचं तर माझंही सांगतील, असं चोरून वाटलं होतं.

"तुझ्या दादाच्या मुलाचं घाल. घराणं पुढे त्याच्याकडेच जायचं."

दादाचा मुलगा न्यू जर्सीत बालवाडीत होता आणि त्याला मराठीतलं फक्त 'नको' येत होतं.

"आणि ईमेल?"

"तो तुझाच. पत्रं बघायला कोणीतरी जबाबदार हवं ना."

मला वाईट वाटलं आणि सणकही आली. पण मी निमूटपणे अर्ज भरला. नव्या कंपनीचं पत्र माझ्या ईमेलवर आलं: मालकाने होकार कळवला की पत्ता हलेल. मी ते तसंच पडू दिलं.

रोज सकाळी बाबांचा फोन यायचा. "मालकाचा होकार आला का?"

"मालक शाळेत गेलेत, बाबा."

कधी मालकांना सर्दी झालेली असे, कधी मालक दुधावरून रुसलेले असत. मग एक दिवस बाबा रिक्षा करून फतेगंजला आले. चहा नको म्हणाले. माझ्या संगणकासमोर बसले आणि म्हणाले, "होकार तुझ्याच हातात आहे, होय ना?"

"हो."

"मग दे गं."

मी दिला. काही दिवसांनी पत्ता हलला, साइट उघडली. बाबांनी आनंदाने फोन केला, "सगळं जसंच्या तसं आहे बघ!" मी उघडून पाहिलं. खरंच होतं. वंशावळीत माझ्या नावापुढे 'कन्या, विवाहित' एवढंच होतं आणि त्याखाली माझ्या दोन्ही मुलींची नावं आधीही नव्हती, आताही नव्हती.